‘एआयमुळे तुमचे काम संपले’ असे कंपनीने सांगितले तर : सही करण्यापूर्वी आणि सहीनंतर

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये मी सत्तावीस वर्षे काढली. हजेरीपट, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचे फॉर्म आणि काम सोडून जाणाऱ्या माणसाचा शेवटचा हिशेब हेच माझे रोजचे काम असल्यामुळे निवृत्तीनंतरही टिळकवाडीतील माझ्या घरी लोक कागदांची पिशवी घेऊन येतात. पूर्वी त्या पिशवीत फौंड्रीतल्या आणि मशीनशॉपमधल्या माणसांचे कागद असत. अलीकडे शहापूर, वडगाव, अनगोळ, खानापूर, निपाणीकडची जी मुले-मुली पुण्यात किंवा बेंगळुरात संगणकावर काम करतात, त्यांचे आईवडील मोबाइलवर आलेल्या ईमेलचे प्रिंट काढून आणतात. त्यांतील मजकूर बहुतेक सारखाच असतो : कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कामाची फेररचना झाली आहे, आपली भूमिका यापुढे आवश्यक राहिलेली नाही, सोबतच्या दुव्यावर आजच संमती द्यावी.

या लेखात मी एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे. कंपनी जर एआयचे कारण तोंडाने सांगत असेल, तर ते कारण तिने कागदावर लिहून दिले पाहिजे आणि तुम्ही राजीनामा देता कामा नये. कपातीला, म्हणजे कामाची गरज उरली नाही म्हणून कंपनीने माणूस काढण्याला, कायद्याने पैसे, मुदत आणि काही अटी जोडलेल्या आहेत. राजीनाम्याला यातले जवळजवळ काहीच जोडलेले नाही. ‘कपात’ आणि ‘राजीनामा’ या दोन शब्दांतला फरक किती रुपयांचा असतो, ते पुढे आकड्यांत दाखवतो.

पहिल्या दिवशी काय करावे

माझ्या चुलतभावाचा मुलगा खानापूर तालुक्यातला. पुण्यात एका कंपनीच्या ग्राहक-मदत विभागात तो सहा वर्षे आठ महिने काम करत होता. जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी त्याला पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर बोलावले गेले. चॅटबॉट आता बहुतेक तक्रारी परस्पर सोडवतो, त्यामुळे तुमच्या गटाची गरज उरलेली नाही, असे सांगून त्याला एक दुवा पाठवण्यात आला. त्या पानावर दोनच चौकोन होते. पहिला ‘स्वेच्छेने राजीनामा व दोन महिन्यांचे मूळ वेतन’ असा होता आणि दुसरा ‘सेवासमाप्ती’ असा. खाली सायंकाळी पाचची मुदत होती. सेवासमाप्ती निवडल्यास अनुभवाच्या दाखल्यावर परिणाम होईल, असे कॉलवरच्या बाईंनी तोंडी सांगितले होते. लेखी मात्र तसे कुठेही नव्हते.

त्याचा मला फोन आला तेव्हा चार वाजायला वीस मिनिटे होती. मी त्याला सांगितले की कोणताही चौकोन टिचवू नको आणि लगेच ईमेल पाठव. तो मजकूर मी येथे मराठीत देतो; प्रत्यक्षात तो कंपनीच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीतच पाठवावा.

‘आज झालेल्या बैठकीत माझे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरामुळे संपुष्टात येत असल्याचे मला सांगण्यात आले. मी स्वेच्छेने राजीनामा देत नाही. मी काम करण्यास तयार व उपलब्ध आहे. कंपनीस माझी सेवा संपवायची असल्यास कारण, दिनांक व देय रकमेचा तपशील यांसह लेखी पत्र द्यावे. कागदपत्रे वाचून उत्तर देण्यासाठी मला सात दिवसांचा अवधी मिळावा.’

या पाच वाक्यांत राग, विनवणी किंवा धमकी यांपैकी काहीही नाही, आणि ते तसेच ठेवावे. हा ईमेल मनुष्यबळ विभागाला आणि आपल्या वरिष्ठाला पाठवून त्याची प्रत स्वतःच्या खाजगी पत्त्यावरही घ्यावी, कारण कंपनीचे खाते संध्याकाळपर्यंत बंद होण्याचा संभव असतो. त्याच तासात नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, वार्षिक मूल्यमापनाचे निकाल आणि शिल्लक रजेचा आकडा एवढे उतरवून घ्यावे. हे कागद तुमचे स्वतःचे आहेत. ग्राहकांची माहिती, प्रकल्पाच्या फाइली किंवा कंपनीचा कोड यांतले काहीही स्वतःकडे पाठवू नये. तसे केल्यास कपातीचे प्रकरण गैरवर्तनाचे होते आणि मग माझ्यासारख्याला काही करता येत नाही. अशी दोन प्रकरणे मी पाहिली आहेत आणि दोन्हींत मुलांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना फक्त आपल्या कामाचा पुरावा हवा होता.

सही आधीच होऊन गेली असेल तर? मग शक्य तितक्या लवकर, दोन-चार दिवसांच्या आत, ती सही कोणत्या परिस्थितीत, किती मिनिटांच्या मुदतीत आणि काय सांगून घेतली गेली, हे कंपनीला ईमेलने कळवावे. दबावाखाली घेतलेला राजीनामा आव्हानास पात्र असतो, परंतु सहा महिने गप्प बसल्यानंतर तो दबाव सिद्ध करणे फार जड जाते.

एआय हे कारण खरे आहे का, हे कसे पाहावे

हे कारण जगभर सारख्याच अर्थाने वापरले जात नाही. बेंगळूरच्या ‘दुकान’ या कंपनीच्या संस्थापकाने जुलै २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले की ग्राहक-मदतीचे नव्वद टक्के कर्मचारी कमी करून त्यांच्या जागी चॅटबॉट आणला आहे. अमेरिकेच्या सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुखांनी २०२५ मध्ये मदत विभागातील माणसे सुमारे ९,००० वरून ५,००० वर आल्याचे सांगितले. याउलट टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा कंपनीच्या प्रमुखांनी हे एआयमुळे नसून कौशल्ये न जुळण्यामुळे आहे असे स्पष्ट केले. अॅमेझॉनने ऑक्टोबर २०२५ मध्ये कार्यालयीन १४,००० जागा कमी केल्या आणि त्यानंतर तिच्या प्रमुखांनीही तूर्त तरी हे एआयमुळे नाही असे म्हटले, मात्र एआयमुळे कार्यालयीन मनुष्यबळ घटेल हे तेच गृहस्थ त्या वर्षीच्या जूनमध्ये सांगून बसले होते. स्वीडनच्या क्लार्ना या वित्तसेवा कंपनीने २०२४ मध्ये आपला एआय साहाय्यक ७०० माणसांचे काम करतो असा दावा केला आणि २०२५ मध्ये ग्राहकसेवेसाठी पुन्हा माणसे घेण्यास सुरुवात केली.

ही उदाहरणे देण्याचे कारण असे की जे जाहीर होते ते आणि जे तुमच्या टेबलावर घडले ते एकच असेल असे धरून चालू नये. तुमच्या कामापुरते चार प्रश्न विचारून पाहावेत. ज्या साधनाचे नाव घेतले जाते ते तुमच्या गटात प्रत्यक्ष सुरू झाले होते का आणि कोणत्या महिन्यात? त्यानंतर तुमच्याकडे येणारे काम खरोखर घटले का? उरलेले काम आज कोण करते : कोणीच नाही, दुसऱ्या शहरातली कमी पगाराची माणसे, की बाहेरची कंत्राटदार कंपनी? आणि तुमच्यासारख्याच कामासाठी कंपनीची नवी जाहिरात लागली आहे का?

माझ्या पुतण्याच्या बाबतीत चॅटबॉट खराच होता. ऑगस्टपासून पासवर्ड आणि बिलाची प्रत मागणाऱ्या तक्रारी त्याच्याकडे येणे बंद झाले होते आणि रोजच्या चाळीस-पंचेचाळीस तक्रारींच्या जागी पंधरा-सोळा येत होत्या. पण त्या पंधरा-सोळा अवघड होत्या, बॉटने चुकीचे उत्तर दिल्यानंतर चिडलेल्या ग्राहकांच्या होत्या, आणि कपातीनंतर आठवडाभरातच त्याच तक्रारी दुसऱ्या शहरातील कंत्राटी गटाकडे गेल्याचे त्याला जुन्या सहकाऱ्याकडून समजले. अशा वेळी तारखांसह साधी नोंद वहीत करून ठेवावी. जाहिरात दिसली तर तिचे तारखेसह छायाचित्र घ्यावे.

या नोंदीचा कायद्यात उपयोग आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. त्या संहितेप्रमाणे कपात केलेल्या पदासारख्या कामासाठी मालकाला एक वर्षाच्या आत माणूस घ्यायचा असेल, तर कपात झालेल्या कामगाराला आधी संधी द्यावी लागते. तसेच त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जातो, हा नियम सर्वसाधारणपणे पाळावा लागतो आणि तो मोडल्यास मालकाने कारणे नोंदवावी लागतात. शिवाय यंत्रणेत किंवा कामाच्या तंत्रात असा बदल करायचा असेल की ज्यामुळे कपात होण्याची शक्यता आहे, तर कामगारांना एकवीस दिवस आधी नोटीस देण्याची तरतूद १९४७ च्या कायद्यातही होती आणि नव्या संहितेतही आहे. चॅटबॉट आणून माणसे कमी करणे हा तंत्रातला बदल नाही तर दुसरे काय आहे? म्हणूनच कंपनीने लिहून दिलेले ‘एआय’ हे कारण तुमच्या उपयोगाचे ठरते. ते तोंडी राहिले आणि कागदावर ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ आला की हे सगळे दरवाजे एकाच वेळी बंद होतात.

तुम्ही ‘कामगार’ आहात का

वरच्या कपातीविषयक तरतुदी संहितेच्या अर्थाने जो ‘कामगार’ आहे त्याला लागू होतात, आणि कंपन्या नेमका इथेच पहिला आक्षेप घेतात. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक हे कामगार नव्हेत. तांत्रिक, कारकुनी, कुशल किंवा कार्यवाहीचे काम करणारा मात्र कामगार आहे आणि त्याला ही वेतनमर्यादा नाही. व्हिजिटिंग कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ किंवा ‘टीम लीड’ लिहिलेले असले तरी पाहिले जाते ते प्रत्यक्ष काम. कोणाची रजा मंजूर करण्याचा, कोणाला नेमण्याचा किंवा काढण्याचा अधिकार तुम्हाला होता का? की तुम्ही दिवसभर स्वतः कोड लिहीत, चाचण्या घेत, बिले तपासत होता? एका मोठ्या आयटी कंपनीने २०१५ मध्ये काढलेल्या कर्मचाऱ्याला चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला, तेव्हा वाद याच मुद्द्याभोवती फिरला होता. म्हणून मूल्यमापनाच्या फॉर्ममधील ‘मी वर्षभर काय केले’ हे पान जपून ठेवावे.

ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांचा करार संपून नूतनीकरण न होणे ही कपात धरली जात नाही. मात्र त्यांना नव्या संहितेप्रमाणे एक वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसते. व्यवस्थापकांनीही निराश होऊ नये. शेवटचा पगार, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि करारात लिहिलेला नोटीसकाळ यांवर त्यांचाही पूर्ण हक्क आहे.

हिशेब

पुतण्याचेच आकडे घेतो, म्हणजे कुठे काय चुकते ते दिसेल. त्याचा दरमहा एकूण मोबदला ६०,००० रुपये होता आणि त्यात मूळ वेतन २१,००० होते. कंपनीने दोन महिन्यांच्या मूळ वेतनाचे ४२,००० आणि २१,००० वर काढलेली ग्रॅच्युइटी ८४,८०८ असे मिळून १,२६,८०८ रुपये देऊ केले होते. कागद नीटनेटका होता आणि घरच्यांना रक्कम मोठी वाटली.

नव्या संहितांनुसार घरभाडे, प्रवास इत्यादी भत्ते एकूण मोबदल्याच्या अर्ध्याहून अधिक असतील, तर जादा भाग वेतनातच धरावा लागतो. इथे भत्ते ३९,००० होते आणि मर्यादा ३०,००० ची, म्हणून ९,००० रुपये वेतनात येऊन हिशेबाचे वेतन ३०,००० झाले. सहा वर्षे आठ महिन्यांतील आठ महिने हे सहा महिन्यांहून जास्त असल्याने सेवा सात वर्षांची धरली जाते. कपातीची भरपाई दर वर्षाला पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, म्हणजे १५,००० गुणिले सात, १,०५,०००. ग्रॅच्युइटी ३०,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले सात, म्हणजे १,२१,१५४. एक महिन्याची लेखी नोटीस दिली नसल्यास त्याबद्दलचे वेतन ३०,०००. आणि कपात झालेल्यांना नवे कौशल्य शिकता यावे म्हणून संहितेत असलेल्या पुनर्कौशल्य निधीतून पंधरा दिवसांच्या वेतनाइतके १५,०००. ही रक्कम मालकाने निधीत भरायची असते आणि कपातीपासून ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची असते. एकूण २,७१,१५४ रुपये. म्हणजे त्या संध्याकाळी पाचच्या आत पहिला चौकोन टिचवला असता, तर १,४४,३४६ रुपये कमी हातात आले असते. शिल्लक रजेचे पैसे यात धरलेलेच नाहीत.

सेवा संपल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते. शेवटच्या हिशेबाच्या कागदावर ‘माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही’ असे वाक्य हमखास असते. ते खोडता येत नसेल, तर सहीच्या वर ‘रक्कम हरकतीसह व माझे हक्क राखून स्वीकारली’ असे लिहावे किंवा त्याच दिवशी ईमेलने कळवावे.

कोणत्या कार्यालयात जावे

सीमाभागातील माणसाची खरी अडचण इथे असते, कारण आपले घर एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्या राज्यात असू शकते. सर्वसाधारणपणे जिथे तुम्ही काम करत होता तिथल्या कामगार खात्याकडे अर्ज करावा लागतो : हिंजवडीच्या नोकरीसाठी पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात, बेंगळूरच्या नोकरीसाठी कर्नाटक कामगार खात्याच्या तिथल्या कार्यालयात, आणि उद्यमबाग, मच्छे किंवा होनगा येथील नोकरीसाठी बेळगावातच. जे घरी बसून काम करत होते त्यांनी नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण काय लिहिले आहे ते पाहावे आणि बेळगावातून काम करण्यास दिलेल्या परवानगीचा ईमेल सोबत ठेवावा, कारण त्यावरून इथे अर्ज चालू शकतो का हे ठरवता येते.

पुण्याच्या कार्यालयात मराठी अर्ज चालतो. कर्नाटकातील कार्यालयासाठी अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत करावा आणि कन्नड येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून एकदा वाचून घ्यावा. आपल्या भाषेवर माझे प्रेम कमी नाही, पण अर्ज ज्याने वाचायचा आहे त्याला तो पहिल्या वाचनात समजणे हे तुमच्या भाकरीशी जोडलेले आहे. दोन पानांहून अधिक लिहू नये, तारखा क्रमाने द्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

कामगार खात्यातला जो अधिकारी दोन्ही बाजूंत तडजोड घडवतो, त्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यानंतर ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कामगार स्वतः थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. काढून टाकल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत हे करावे लागते. वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल, तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. बेंगळुरात आयटी कर्मचाऱ्यांची ‘किटू’ ही संघटना आणि पुण्यात ‘नाइट्स’ ही संस्था अशा प्रकरणांत लक्ष घालतात, आणि एकाच दिवशी काढलेल्या दहा जणांनी एकत्र अर्ज दिला तर अधिकारी तो वेगळ्या नजरेने पाहतो, हा माझा फौंड्रीच्या काळापासूनचा अनुभव आहे. मुले मात्र एकेकटी घरी येतात आणि गटातल्या दुसऱ्या कोणाला काय मिळाले हे त्यांना माहीतही नसते. ते विचारण्यात कमीपणा नाही.

बेंगळूरच्या नोकरदारांसाठी आणखी एक बाब. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये आयटी क्षेत्राला स्थायी आदेशांच्या, म्हणजे कंपनीचे सेवानियम ठरवून देणाऱ्या, कायद्यातून पाच वर्षांची सूट देताना अटी घातल्या, त्यांत तक्रार निवारण समिती नेमणे आणि सेवासमाप्तीसारख्या कारवाईची माहिती कामगार खात्याला कळवणे या अटी होत्या. तुमच्या बाबतीत समिती होती का आणि खात्याला कळवले होते का, हे अर्जात विचारावे.

घरचा पैसा

भविष्यनिर्वाह निधी पहिल्याच आठवड्यात मोडू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम काढण्याची मुभा ठेवून उरलेल्यासाठी बारा महिन्यांचा काळ ठरवला आहे, पण काढता येते म्हणून काढावीच असे नाही. सलग पाच वर्षांच्या आत काढल्यास कर लागू शकतो आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा हक्कही सांभाळायचा असतो. कंपनीने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का ते पाहावे. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते. ज्यांचे वेतन २१,००० पर्यंत असून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता, त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करावी. त्यात पात्र व्यक्तीला आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळते.

कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्यासाठी तो दिवस उलटण्यापूर्वीच अर्ज करावा, म्हणजे जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जात नाही. आईवडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हे काम सर्वांत आधी करावे.

आपल्याकडे घराचे किंवा गाडीचे कर्ज पुष्कळदा सोसायटीचे असते आणि जामीनदार म्हणून मामा, मेहुणा किंवा शेजारच्या गल्लीतला मित्र असतो. हप्ता थकल्यावर नोटीस त्याच्याही घरी जाते. म्हणून पहिला हप्ता चुकण्याच्या आधी कपातीचे पत्र घेऊन सोसायटीच्या चेअरमनला आणि जामीनदाराला स्वतः भेटावे आणि तीन महिने फक्त व्याज भरण्याची लेखी परवानगी मागावी. पिग्मी चालू असेल तर ती बंद न करता रोजची रक्कम कमी करून घ्यावी. घरी सांगण्याचे टाळून रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा एक तरुण मला माहीत आहे. अडीच महिन्यांनी ते उघड झाले तेव्हा त्याच्या वडिलांना नोकरी गेल्याचे दुःख कमी आणि मुलाने एकट्याने ते सोसल्याचे दुःख जास्त झाले. पहिल्याच रात्री सांगावे.

पुढचे काम शोधताना

मुलाखतीत कारण एका वाक्यात सांगावे : ‘आमच्या गटाचे काम स्वयंचलित झाले आणि गट बंद करण्यात आला.’ कपातीचे पत्र हाती असेल तर हे वाक्य खरे ठरवायला तो कागद पुरतो, आणि राजीनामा दिलेला असेल तर उलट ‘का सोडली’ या प्रश्नाला उत्तर शोधावे लागते.

बॉट जे करू शकला नाही ते काम अर्जात पहिल्या ओळीत लिहावे. पुतण्याने ‘दिवसाला पंचेचाळीस तक्रारी’ हे वाक्य काढून ‘स्वयंचलित उत्तर चुकल्यानंतरच्या बिलविषयक तक्रारी सोडवणे व बॉटच्या चुका वर्गवार नोंदवणे’ असे लिहिले, आणि त्यानंतर त्याला मुलाखतीची बोलावणी आली. मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषांत फोनवर सहज बोलणे आपल्या मुलांना इतके सवयीचे असते की ते अर्जात लिहीतच नाहीत, ते लिहावे. स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन संकेतस्थळांवर अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. महागड्या ‘हमखास नोकरी’ वर्गाला हिशेबाची रक्कम देऊन टाकू नये. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा फोन आला तर तो बंद करावा, आणि पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

पुतण्याच्या ईमेलनंतर सहाव्या दिवशी कंपनीने सेवासमाप्तीचे पत्र दिले आणि त्यात ‘स्वयंचलनामुळे कामाची गरज न उरल्याने’ असे कारण छापलेले आहे. नोटीसवेतन आणि ३०,००० वरची ग्रॅच्युइटी जमा झाली. भरपाईच्या १,०५,००० पैकी निम्मी रक्कम आली आहे, तो ‘कामगार’ नव्हता असे म्हणून उरलेली अडवून ठेवली आहे, आणि त्यावर पुण्याच्या समेट अधिकाऱ्यापुढे दोन तारखा झाल्या आहेत. पुढच्या तारखेला त्याने सहा वर्षांचे मूल्यमापनाचे फॉर्म आणि कंत्राटी गटाच्या जाहिरातीचे तारखेसह छायाचित्र न्यायचे आहे. त्याच्या आईने कॅलेंडरवर दोन तारखांना लाल पेनाने गोल केला आहे : एक त्या सुनावणीची, आणि दुसरी पुढच्या जानेवारीतली, जेव्हा कपातीला एक वर्ष पूर्ण होईल.